रिकामपणाचा उद्योग म्हणे!

टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर मेल वाचणाऱ्याची थट्टा करायला फारसे धारिष्ट्य लागत नाही. फोनवर पत्ता आणि पासवर्ड टाकला की दोन मिनिटांत मेल येऊ लागतात. हा गृहस्थ मात्र अख्खा रविवार ‘मट’ नावाच्या प्रोग्रामची सेटिंगची फाइल लिहिण्यात घालवतो. कोणती कळ दाबली की काय व्हावे, कोणाचे पत्र कोणत्या रंगात दिसावे, उत्तर कोणत्या पत्त्यावरून जावे, सगळे हाताने लिहायचे. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? कॉलेजच्या लॅबपासून आयटी कंपनीच्या कँटीनपर्यंत हा प्रश्न विचारला जातो आणि विचारणाऱ्याकडे उत्तरही तयार असते: रिकामपणाचा उद्योग.

आरोपाची कलमे ठरलेली आहेत. हे प्रोग्राम जुनाट आहेत, किचकट आहेत, चित्रांनी भरलेल्या आजच्या मेलपुढे लंगडे पडतात आणि लॉग-इनच्या नव्या पद्धतींशी त्यांचे जमत नाही. यातली पहिली दोन कलमे टिकत नाहीत, तिसरे आरोप करणाऱ्यावरच शेकते आणि चौथ्यात तथ्य आहे. मराठी माणसाने खरोखर घ्यावा असा पाचवा आक्षेपही आहे. तो मात्र या मंडळींच्या तोंडून कधी निघत नाही.

जुनाटपणाच्या आरोपाला आपल्याकडे आठवणींची किनार असते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा अनेकांच्या वाट्याला आले ते शेल खाते. मोडेमची किरकिर ऐकायची आणि चित्रांविना, नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर पाइन नावाचा प्रोग्राम उघडून पत्रे वाचायची. त्या पिढीला आज कोणी टर्मिनलमध्ये मेल वाचताना दिसला की वाटते, आम्ही इलाज नव्हता म्हणून जे सोसले ते हा हौसेने करतो आहे.

पण इलाज असलेले लोकही तेच करतात, त्याचे काय? लिनक्सच्या कर्नेलमधले बदल आजही मेलनेच पाठवले जातात, मेलवरच त्यांची चिरफाड होते आणि मेलवरच ते स्वीकारले किंवा नाकारले जातात. कोणत्या मेल प्रोग्राममधून हे काम नीट होते आणि कोणत्यातून नाही, याचे एक स्वतंत्र पान कर्नेलच्या अधिकृत कागदपत्रांत आहे. पाइनचा वारस अल्पाइन आणि मट यांच्याविषयीचे मार्गदर्शन त्यात आहेच. जीमेलच्या वेब आवृत्तीबद्दल मात्र तिथे स्वच्छ लिहिले आहे की ती पॅच, म्हणजे असे बदल, पाठवण्याच्या कामाची नाही. कारण साधे आहे. ती टॅबच्या जागी स्पेस घालते आणि लांब ओळी आपल्या मनाने तोडते. पत्राला त्याने काही होत नाही, पण प्रोग्रामच्या कोडमध्ये एक टॅब इकडचा तिकडे झाला की पॅच बसत नाही. लिहिलेला मजकूर अक्षर न बदलता पलीकडे पोचवणे, ही मेल प्रोग्रामची पहिली जबाबदारी. जुनाट म्हणून हिणवलेले प्रोग्राम ती पार पाडतात.

शिवाय हे ओसाड पडलेले गाव नव्हे. मायकेल एल्किन्स यांनी १९९५ साली मट लिहायला घेतला. सगळेच मेल प्रोग्राम वाईट असतात, हा त्यातल्या त्यात कमी वाईट, अशी त्याची स्वतःविषयीची जाहिरात. त्याची २.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२० मध्ये आली. लोकांनी वर्षानुवर्षे बाहेरच्या बाहेर फिरवलेल्या सुधारणा एकत्र करून २०१६ साली निओमट उभा राहिला. २०१९ मध्ये ड्रू डीव्हॉल्ट यांनी गो भाषेत ‘एर्क’ हा पूर्णपणे नवा टर्मिनल क्लायंट, म्हणजे मेल प्रोग्राम, आणला. जुनाट वस्तूसाठी कोणी नव्याने कुदळ मारत नाही.

आता किचकटपणा. इथे टीकाकार दोन गोष्टींची गल्लत करतात. अक्षरांच्या पडद्यावर चालणारा प्रोग्राम म्हणजे तज्ज्ञांसाठीचा प्रोग्राम, हे समीकरणच मुळात खोटे आहे. पाइनचा जन्म १९८९ साली सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात झाला आणि तो बनवला होता विद्यापीठातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी. पडद्याच्या तळाशी कोणती कळ काय करते याची यादी सतत दिसते ती त्यामुळेच. त्याचा वारस अल्पाइन २००७ पासून आहे. त्यात सेटिंग बदलायला फाइल उघडावी लागत नाही. मेनूत जायचे, हव्या त्या पर्यायासमोर फुली मारायची आणि बाहेर पडायचे. ज्याला हाताने फाइल लिहायची नाही, त्याची सोय इतकी जुनी आहे.

राहिला मट. त्याच्या मॅन्युअलमध्ये शेकडो सेटिंग आहेत, हे खरे. पण त्या प्रत्येकाला आधीच एक किंमत दिलेली असते. मेल सुरू व्हायला लागतात साधारण डझनभर ओळी: नाव, पत्ता, मेल आणणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, पाठवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता, पाठवलेली पत्रे आणि कच्चे मसुदे कुठे ठेवायचे ते, लिहिण्यासाठी कोणता एडिटर वापरायचा, आणि पत्रे तारखेऐवजी संवादांच्या साखळीने लावायची एवढी एक सूचना. त्यापुढची प्रत्येक ओळ माणूस लिहितो ती काहीतरी खटकले म्हणून. उदाहरणार्थ, पेटी बंद करून पुन्हा उघडली की मट न वाचलेल्या पत्रांना ‘नवे’ न म्हणता ‘जुने’ म्हणू लागतो. काहींना हा भेद उपयोगी वाटतो, बहुतेकांना तो छळतो. एका ओळीत तो बंद होतो, आणि त्या माणसापुरता कायमचा बंद होतो.

‘रविवार फुकट गेला’ या हिशेबात खर्चाची बाजू तेवढी मांडलेली असते. जमेची बाजू पाहायची तर कामाच्या माणसाची मेलपेटी उघडावी लागेल.

समजा, एखाद्या प्राध्यापिकेची तीन खाती आहेत: कॉलेजचे, खासगी आणि एका संपादक मंडळाचे. तिन्हीकडचे मेल एकाच ठिकाणी येतात. घाईत उत्तर देताना खासगी पत्त्यावरून कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र जाते, मग माफीचे दुसरे पत्र. मटमध्ये एक सेटिंग असे आहे की ज्या पत्त्यावर पत्र आले त्याच पत्त्यावरून उत्तर निघते. दुसरे, फोल्डरनुसार वागणूक बदलणारे: संपादक मंडळाच्या फोल्डरमध्ये शिरले की स्वाक्षरी बदलते, क्रम बदलतो. तिसरे, शोधाचे. टिल्डची खूण, तिच्यापुढे एक अक्षर आणि मग अट, अशा चिमुकल्या भाषेत ‘या व्यक्तीकडून आलेले, गेल्या आठवड्यातले, अजून न वाचलेले’ असे सांगितले की तेवढीच पत्रे पडद्यावर उरतात. पाच एमबीपेक्षा जड पत्रे, फक्त मला उद्देशून आलेली पत्रे, दोनदा आलेली पत्रे, सगळ्यांना अशीच खूण आहे. वर्षाहून जुनी जाहिरातपत्रे एका आदेशात निवडून एका कळीने पुसता येतात. माउसने एकेका चौकटीत टिचकी मारत बसणाऱ्याने यात किती मिनिटे वाचतात ते स्वतःच मोजावे.

आणि एक खास मराठी उदाहरण. ‘सोबत अहवाल जोडला आहे’ असे लिहून अहवाल जोडायला विसरणे हा सर्वांचाच अनुभव. मट पाठवण्यापूर्वी मजकूर तपासू शकतो आणि जोडपत्राचा उल्लेख आहे पण जोडपत्र नाही असे दिसले तर थांबवू शकतो. हे सेटिंग आधी बंद असते आणि त्याला ठाऊक असलेला शब्द इंग्रजी असतो. मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्याने त्या जागी फक्त ‘जोडल’ एवढी अक्षरे घालायची. जोडला, जोडली, जोडले, जोडलं, जोडलेली, सगळी रूपे त्यात सापडतात, कारण काना, वेलांटी, मात्रा ‘ल’च्या नंतर साठवलेली असते. ‘सोबत पाठव’ हीही भर घातली की बहुतेक वाक्ये पकडली जातात. थंडरबर्ड या मेल प्रोग्राममध्येही असे शब्द घालता येतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण थंडरबर्डमध्ये ते करणाऱ्यालाही सेटिंगमध्ये शिरावेच लागते. तिथे तो ‘कामाचा माणूस’ आणि टर्मिनलमध्ये मात्र ‘रिकामटेकडा’, हा कुठला न्याय?

वेळेच्या हिशेबात आणखी एक खर्च कोणी धरत नाही: तयार वस्तू हातातून काढून घेतली जाते तेव्हाचा. स्पॅरो नावाचा सुबक मेल प्रोग्राम जुलै २०१२ मध्ये गूगलने विकत घेतला आणि त्याची वाढ तिथेच खुंटली. मेलबॉक्स हे अ‍ॅप २०१३ मध्ये गाजले, ड्रॉपबॉक्सने घेतले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये बंद केले. गूगलचे इनबॉक्स ऑक्टोबर २०१४ मध्ये आले, एप्रिल २०१९ मध्ये गेले. विंडोजसोबत मिळणारा मेल प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस निकालात काढला. दर वेळी लाखो लोकांनी अंगवळणी पाडलेल्या खुणा, कप्पे, सवयी मातीत गेल्या आणि नव्याने शिकणे नशिबी आले. तो वेळ कोणाच्या खात्यात लिहायचा? मटची फाइल साध्या मजकुराची असते. ती नव्या लॅपटॉपवर कॉपी केली की प्रोग्राम जुन्यासारखाच वागतो. मटची देखभाल मोजकी माणसे करतात, हा धोका खरा आहे. पण ते उद्या थांबले तरी लिहिलेली फाइल, खुला सोर्स कोड आणि साध्या फाइलींत साठवलेली पत्रे वापरणाऱ्याकडेच राहतात.

तिसरे कलम चित्रांचे. आजचे मेल एचटीएमएलमध्ये येतात, त्यात रंग, बटणे, छायाचित्रे असतात. टर्मिनलमध्ये त्यांचा चुथडा होतो, असा आक्षेप. उपाय जुना आहे. मेलकॅप नावाच्या छोट्या फाइलीत एक आणि मटच्या फाइलीत एक ओळ लिहिली की एचटीएमएल पत्र डब्ल्यूथ्रीएम किंवा लिंक्ससारख्या मजकुरी ब्राउझरमधून गाळून वाचण्याजोगे समोर येते. बँकेचे विवरणपत्र, रेल्वेचे तिकीट, सोसायटीची नोटीस त्यात आरामात वाचता येते. नुसते एक चित्र डकवून पाठवलेले पत्र मात्र वाचता येत नाही. ते एका कळीने ब्राउझरमध्ये उघडावे लागते. लग्नपत्रिका आणि सेलच्या जाहिराती यांच्यासाठी हा त्रास आहे, आणि तो आहे.

पण त्या चित्रांची दुसरी बाजू टीकाकार का सांगत नाहीत? जाहिरातपत्रांत अनेकदा एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच असे न दिसणारे चित्र असते. पत्र उघडले की ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि पत्र कधी, साधारण कुठून, कोणत्या यंत्रावर उघडले याची नोंद तिकडे होते. आवळा देऊन कोहळा काढायचा हा धंदा. तो रोखण्यासाठी जीमेलने डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणायला सुरुवात केली. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये, आयओएस १५ सोबत, चित्रे आधीच उतरवून घेण्याची सोय दिली, म्हणजे पत्र खरोखर उघडले की नाही हे पाठवणाऱ्याला कळू नये. जगातल्या दोन बलाढ्य कंपन्यांना एवढा खटाटोप करावा लागला, कारण त्यांचे क्लायंट चित्रे आणतात. मट ती आणतच नाही.

मे २०१८ मध्ये उघड झालेली ‘ईफेल’ ही त्रुटी याहून गंभीर होती. जर्मनी आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवून दिले की कूटबद्ध मेलला एचटीएमएलचे तुकडे चिकटवून पाठवले, तर अ‍ॅपल मेल आणि थंडरबर्डसारखे क्लायंट तो मेल उलगडून त्यातला मजकूर चित्राच्या पत्त्यात घालतात आणि तो हल्लेखोराच्या सर्व्हरकडे पाठवून देतात. गुप्त लिपी मोडावी लागत नव्हती. क्लायंटचे चित्र आणण्याचे इमानच पुरे होते. जो प्रोग्राम पत्रातल्या हुकमावरून बाहेरचे काही मागवत नाही, त्याच्यापुढे ही युक्ती चालत नाही.

याचा अर्थ टर्मिनल म्हणजे अभेद्य गड, असा मटचे भक्त लावतात तेव्हा त्यांनाही अडवावे लागते. जुलै २०१८ मध्ये मट आणि निओमट या दोघांतही गंभीर त्रुटी सापडल्या; दुष्ट सर्व्हरने ठरवले तर वापरणाऱ्याच्या यंत्रावर आदेश चालवता येईल इतक्या. त्या तातडीने दुरुस्त झाल्या. २०२० मध्ये सुरक्षित जोडणीच्या सुरुवातीलाच मध्यस्थाला शिरकाव करू देणारी आणखी एक त्रुटी निघाली. पाच वर्षांपूर्वी बसवलेला मट तसाच ठेवून सुरक्षिततेच्या गप्पा मारणाऱ्याचा बचाव करता येत नाही. दुसऱ्याची फाइल डोळे झाकून कॉपी करणाऱ्याचाही नाही. त्या फाइलीत पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, नकलणाराही तसाच लिहितो आणि मग तीच फाइल हौसेने चारचौघांना दाखवतो. पासवर्ड कूटबद्ध ठेवून तो गरजेपुरता वाचून घेण्याची सोय मटमध्ये आहे. तिच्यासाठी एकच जास्तीची ओळ लागते.

चौथे कलम लॉग-इनचे, आणि इथे टीकाकारांची बाजू भक्कम आहे. गूगलने मे २०२२ च्या अखेरीस वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या प्रोग्रामांना दार बंद केले. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून कार्यालयीन मेलसाठी तेच केले. गूगलच्या खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून अ‍ॅपसाठी वेगळा पासवर्ड घेता येतो, तो मार्ग सोपा आहे. कार्यालयीन खात्यात मात्र ओऑथ नावाची टोकनांची पद्धत वापरावी लागते. तिच्यासाठी मटच्या २.० आवृत्तीपासून एक तयार स्क्रिप्ट सोबत येते, पण ती चालवायला आधी प्रोग्रामची नोंदणी करावी लागते आणि कंपनीच्या आयटी विभागाने परवानगी दिली नाही तर सगळे मुसळ केरात. ज्याच्या कार्यालयाने दार लावले आहे त्याने तिथे धडका मारण्यात अर्थ नाही. कामाचा मेल त्यांच्या अ‍ॅपवर वाचावा. हा दोष क्लायंटचा की दारवानाचा, यावर वाद घालता येईल. वापरणाऱ्याला होणारा ताप मात्र दोन्हीकडून सारखाच.

आता तो पाचवा आक्षेप. टर्मिनलमध्ये देवनागरी नीट दिसत नाही.

मेलच्या वाहतुकीत काही अडचण नाही. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, मट ते व्यवस्थित बांधून पाठवतो आणि पलीकडे ते व्यवस्थित सुटते. विषयाची ओळसुद्धा मराठीत जाते. घोटाळा होतो तो पडद्यावर. टर्मिनल म्हणजे समान रुंदीच्या रकान्यांची जाळी. एका रकान्यात एक अक्षर, हे तिचे गृहीतक. ‘क्षि’ लिहायला संगणक चार चिन्हे साठवतो: क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी. वेलांटी साठवली जाते शेवटी, काढली जाते सगळ्यांच्या आधी. या चार चिन्हांना किती रकाने द्यायचे, याचे मटचे गणित आणि टर्मिनलचे गणित जुळले नाही की ओळ सरकते, कर्सर भलत्याच अक्षरावर उभा राहतो आणि यादीतले विषय एकमेकांच्या अंगावर येतात. एक्सटर्मसारखे जुने टर्मिनल तर जोडाक्षर जोडतच नाही. हलन्त आणि वेलांट्या सुट्या पसरतात. देवनागरी अक्षरांची रुंदी मुळातच कमीजास्त असल्याने समान रुंदीचे चांगले फाँटही मोजकेच आहेत.

मटच्या सेटिंगची फाइल कितीही नेटकी लिहिली तरी हा दोष तिच्याने जात नाही, कारण तो टर्मिनलचा आहे. एमएलटर्म हा टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून अक्षरे जोडतो. त्यात परिस्थिती बरीच सुधारते. दुसरी वाट ईमॅक्स या एडिटरची. ऑगस्ट २०२० च्या २७.१ आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरजोडणीसाठी हार्फबझ हे आधुनिक साधन वापरतो आणि त्याच्या स्वतःच्या खिडकीत, टर्मिनलबाहेर, मराठी मजकूर छापल्यासारखा दिसतो. म्यूफोरई किंवा नॉटमच ही त्यातली मेल वाचण्याची साधने कळफलकावर चालतात, साध्या मजकुराच्या फाइलीतून घडवता येतात आणि पत्रे आपल्याच डिस्कवर ठेवतात. मटची सगळी शिस्त तिथे आहे. रकान्यांची जाळी तेवढी नाही.

ज्याचा पत्रव्यवहार बहुतांशी मराठीत चालतो त्याने ही दुसरी वाट धरावी. ज्याचा दिवस इंग्रजी पत्रांत आणि कोडमध्ये जातो, त्याला मट आजही पुरून उरतो. महिन्याला दहा मेल येणाऱ्याने फोनवरच्या अ‍ॅपमध्ये खुशाल राहावे. त्याच्याशी हा वाद नाही. वाद आहे तो मेलवर पोट असलेल्या, रोज दोन-तीन तास पेटी उपसणाऱ्या आणि तरीही दुसऱ्याच्या रविवारचा हिशेब मागणाऱ्यांशी. त्यांनी आधी आपल्या क्लायंटचे सेटिंगचे पान शेवटचे कधी उघडले होते ते सांगावे.